सगळा कारभार काडतुसाचा

रायफल बनवणाऱ्याचं एक बरं असतं. बोअर एकदा ठरली की गोळीचं वजन, दारूचं माप आणि नळीतला दाब फारसे इकडेतिकडे होत नाहीत. शॉटगन बनवणाऱ्याच्या नशिबी हे सुख नाही. त्याच्या बारा बोअरच्या नळीतून आज क्ले टार्गेट फोडायला 24 ग्रॅम छर्ऱ्यांचं हलकं काडतूस उडेल, आणि उद्या मालक हंस-बदकांच्या मागे लागला की 50 ग्रॅमच्या वरचं दांडगं काडतूस. दुनळीला त्याचं काही सोयरसुतक नसतं. बार उडाला, नळ्या खाली मोडल्या, पुंगळ्या काढल्या, नवी काडतुसं घातली, की झालं. पण जी बंदूक हे सगळं स्वतः करते, आणि तेही त्याच काडतुसाच्या जोरावर, तिची पंचाईत होते. हलकं काडतूस यंत्रणा हलवायला पुरलं पाहिजे आणि जड काडतुसाने तीच यंत्रणा ठोकून खिळखिळी होता कामा नये. सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनवर गेली सव्वाशे वर्षं जे डोकं चाललंय, ते बहुतेक याच पेचाभोवती.

पेच किती मोठा, याचा ढोबळ हिशेब करता येतो. सव्वातीन किलोची बंदूक हलक्या काडतुसाने सेकंदाला साडेतीन-चार मीटर वेगाने मागे येते. सर्वांत जड काडतुसाला हाच वेग जवळजवळ दुप्पट होतो. वेग दुप्पट म्हणजे ऊर्जा चौपट. चारपट फरक पडणाऱ्या शक्तीवर चालणारं आणि तरी प्रत्येक वेळी तेच काम तितक्याच नीट करणारं यंत्र बनवायचं, असा हा मामला आहे.

काम तरी काय असतं? बार उडताना काडतुसाच्या मागे बोल्ट घट्ट कुलूपबंद हवा, कारण चेंबरमध्ये त्या क्षणी दाब वातावरणाच्या कित्येक शे पट असतो. साध्या बारा बोअरच्या काडतुसासाठी युरोपातली मर्यादाच 740 बार आहे. छर्रे तीन-चार हजारांश सेकंदात नळीबाहेर पडतात आणि दाब उतरतो. मग कुलूप सुटायचं, एक्स्ट्रॅक्टरच्या नखीने पुंगळी मागे ओढायची, ती बाजूच्या खिडकीतून बाहेर फेकायची, घोडा परत चढवायचा, मॅगझिनमधलं पुढचं काडतूस वर उचलायचं आणि बोल्टने ते चेंबरमध्ये ढकलून पुन्हा कुलूप लावायचं. एवढं झाल्यावरही, बोट चापावर दाबलेलंच असेल तर दुसरा बार उडता कामा नये. चाप आणि घोडा यांच्यामधला एक छोटा भाग तेवढ्यापुरता दुवा तोडून ठेवतो, आणि चाप सोडून पुन्हा ओढल्याशिवाय घोडा पडत नाही. ‘सेमी’ म्हणायचं ते एवढ्याचसाठी.

हे सगळं पहिल्यांदा बाजारात टिकेल असं जमवलं ते जॉन मोझेस ब्राउनिंगने. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ऑग्डन गावचा हा माणूस. विंचेस्टर कंपनी वर्षानुवर्षं त्याच्या कल्पना एकरकमी विकत घेत आली होती. स्वयंचलित शॉटगनची किंमत मात्र त्याने ओळखली होती, म्हणून या खेपेला त्याने प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरच्या टी. जी. बेनेटने नकार दिला. ब्राउनिंग रेमिंग्टनकडे गेला. तिथले प्रमुख मार्सेलस हार्टली यांची भेट ठरली, आणि नेमके तेव्हाच, जानेवारी 1902 मध्ये, ते हृदयविकाराने वारले. मग हा गडी नमुना घेऊन आगबोटीने बेल्जियमला पोहोचला. लिएजजवळच्या एर्स्टालमध्ये एफएन कंपनीने बंदूक उचलून धरली आणि त्यानेही कंपनीला दहा हजार बंदुकांची मागणी नोंदवली. तीच ‘ऑटो-5’: मॅगझिनमध्ये चार, चेंबरमध्ये एक. मागे चौकोनी कुबड असलेली ही बंदूक विसावं शतक सरेपर्यंत बनत राहिली. रेमिंग्टननेही 1905 पासून परवाना घेऊन तीच बंदूक अमेरिकेत काढली. नाही म्हणणाऱ्या विंचेस्टरची काय गत झाली, ते पुढे येईलच.

ऑटो-5 ची पद्धत लाँग रिकॉइल म्हणून ओळखली जाते. बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेल्या अवस्थेत रिसीव्हरच्या आत मागे सरकतात. थोडंथोडकं नव्हे, काडतुसाच्या लांबीपेक्षा जास्त. मागे पोहोचल्यावर बोल्ट तिथेच अडकून राहतो, कुलूप सुटतं, आणि नळी एकटीच स्प्रिंगच्या जोराने पुढे पळते. पुंगळी बोल्टच्या नखीत धरलेली असते, म्हणजे खरं तर पुंगळीतून नळी ओढली जाते. नळी निघून गेली की पुंगळी बाहेर उडते, खालचा उचल्या नवं काडतूस वर आणतो, आणि मग बोल्ट पुढे सुटतो. नवखा माणूस ही बंदूक चालवतो तेव्हा त्याला एका बाराचे दोन धक्के जाणवतात: एक सगळं मागे आदळल्याचा, दुसरा नळी पुढे परतल्याचा.

आता आपला पेच. ब्राउनिंगने तो घर्षणाने सोडवला, आणि मला विचाराल तर या बंदुकीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे. मॅगझिनची पुढची टोपी फिरवून काढा, लाकडी पुढचा दस्ता सरकवा, नळी उतरवा. मॅगझिनच्या नळकांड्याभोवती एक लांब स्प्रिंग दिसते, तिच्यापुढे चिरा असलेली एक पितळी कडी, आणि एका बाजूने आतून उतरती कड असलेली एक पोलादी कडी. जड काडतुसं वापरायची असतील तर पोलादी कडी स्प्रिंग आणि पितळी कडी यांच्यामध्ये बसवायची, उतरती कड पितळेकडे. नळी मागे आली की ही कड पितळी कडीला चेपते, पितळ नळकांड्याला आवळतं, आणि ब्रेक लागतो. हलक्या काडतुसांसाठी पोलादी कडी काढून स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला टेकवून ठेवायची. ब्रेक सैल पडतो आणि हलका धक्काही नळीला पूर्ण मागे नेतो. कोणती कडी कुठे, याचं चित्र दस्त्याच्या आतल्या अंगाला चिकटवलेलं असे. तरी लोक चुकत. हलक्या मांडणीत जड काडतुसं उडवून पुढच्या लाकडाला तडे गेलेल्या जुन्या ऑटो-5 आजही विकायला येतात. घेणारा जाणकार पहिल्यांदा तेवढंच लाकूड उजेडात धरून बघतो.

विंचेस्टरने 1911 मध्ये स्वतःची बंदूक काढली. ब्राउनिंगच्या पेटंटांना वळसा घालायचा होता, म्हणून बोल्ट हाताने ओढायची मूठच ठेवता आली नाही. तिच्याऐवजी नळीच्या एका पट्ट्यावर खरबरीत नक्षी कोरली: बंदूक भरायची तर नळीच हाताने धरून मागे ढकला. कोरडी ठणठणीत काडतुसं असली की हे चालून जाई. पण त्या काळची काडतुसं कागदी. ओल लागली की फुगत आणि चेंबरमध्ये अडकत. मग काही जण बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकवून दोन्ही हातांनी नळी खाली दाबत, तोंड नळीच्या टोकावर वाकवून. या बंदुकीला ‘विडो मेकर’ हे नाव पडलं ते त्यामुळे. 1925 मध्ये ती बंद झाली. कागद फुगला यात यंत्राचा काय दोष, असं म्हणता येईल. पण काडतूस फुगणारच हे धरून जो यंत्र बनवत नाही, त्याला शॉटगनचा धंदा कळलेला नाही.

मधली एक वाट तरंगत्या चेंबरची. तिच्यात सगळी नळी हलण्याऐवजी फक्त चेंबरचा तुकडा मागे थोडासा सरकून बोल्टला ठोसा देतो. ही कल्पना डेव्हिड विल्यम्सची. खुनाच्या गुन्ह्यात नॉर्थ कॅरोलायनाच्या तुरुंगात असताना बंदुकांवर काम करणारा हा माणूस. जेम्स स्टुअर्टने 1952 मध्ये पडद्यावर त्याची भूमिकाही केली. विंचेस्टरच्या मॉडेल 50 मध्ये 1954 साली त्याचं चेंबर आलं. पद्धत चालली, पण रुळली नाही.

रुळला तो गॅस. दारू जळून नळीत जे वायू तयार होतात, त्यांतले थोडे नळीच्या खालच्या बारीक छिद्रातून काढायचे, त्यांनी पिस्टन ढकलायचा आणि पिस्टनने बोल्ट. नळी जागच्या जागी पक्की. रायफलींत हे जुनंच होतं. शॉटगनमध्ये मात्र बाजारात यायला 1956 उजाडलं, आणि लोकांच्या हाती खऱ्या अर्थाने खेळू लागलं ते 1963 च्या रेमिंग्टन 1100 मुळे. तिच्यात पिस्टन मॅगझिनच्या नळकांड्याभोवतीच सरकतो, त्यामुळे वेगळी नळी जोडावी लागली नाही. पिस्टनपुढे एक साधी रबरी ओ-रिंग असते. ती चिरली की वायू निसटतो आणि बंदूक दर बाराला हाताने ओढावी लागते. हजारांच्या घरातली वस्तू काही आण्यांच्या रबरावर अडते. म्हणून 1100 वाल्यांच्या खिशात दोन-चार जादा रिंगा असतातच.

गॅसचं खरं सुख खांद्याला कळतं. एकूण धक्का तेवढाच राहतो, भौतिकशास्त्राला लाच देता येत नाही. पण जड बोल्ट मागे जाण्यात आणि स्प्रिंगा दाबण्यात तो जास्त वेळात वाटला जातो. ठोसा लागायच्या जागी ढकलल्यासारखं वाटतं. दिवसभर शेकडो काडतुसं उडवणाऱ्या क्ले टार्गेटवाल्याला हा फरक मोठा. किंमत मोजावी लागते ती घाणीत. जळालेल्या दारूची काजळी थेट यंत्रणेत येते, नळकांड्यावर काळी कडक साय धरते, आणि साफसफाईचा कंटाळा करणाऱ्याची बंदूक ऐन वेळी रुसते.

आणि काडतुसाचा पेच? छिद्र मोठं ठेवलं तर हलकं काडतूस चालतं पण जड काडतूस बोल्टला मागे आपटतं. लहान ठेवलं तर उलट. सुरुवातीला उत्तर सरळ होतं: साध्या काडतुसांना एक नळी, जड ‘मॅग्नम’ काडतुसांना वेगळ्या छिद्राची दुसरी. पुढे फाजील दाब आपोआप बाहेर सोडणारे झडपवजा भाग आले; 1987 च्या रेमिंग्टन 11-87 मध्ये आणि इटलीच्या बेरेटाच्या बंदुकांत ते दिसतात. सगळ्यांत चतुर तोडगा 2010 च्या ‘व्हर्सा मॅक्स’ या बंदुकीचा. तिची छिद्रं नळीत पुढे नसून चेंबरमध्येच आहेत, एकामागे एक. काडतूस लांब असेल तर उलगडलेली पुंगळी त्यांतली काही छिद्रं स्वतःच झाकते आणि कमी वायू जातो; आखूड असेल तर सगळी उघडी राहतात. जे काडतूस त्रास देतं, त्याच्याकडूनच नियंत्रण करून घ्यायचं.

तिसरा मार्ग इटलीतल्या उर्बिनोचा. मोटारसायकलींसाठी नाव असलेल्या बेनेली कुटुंबाने 1967 मध्ये तिथे बंदुकांचा कारखाना काढला. ब्रुनो चिवोलानी या बोलोन्याच्या अभियंत्याने त्यांना जडत्वावर चालणारी यंत्रणा दिली. तिचा पूर्वज स्वीडनच्या स्योग्रेनची शतकाच्या आरंभीची बंदूक. पण तिचा मागचा भाग उघड्यावर, नेमबाजाच्या डोळ्यांसमोर मागे धावे, आणि ते कुणाला फारसं भावलं नाही. बेनेलीची गोष्ट कळायला एसटी पुरते. गाडी हिसक्याने पुढे सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो. इथे दिशा उलटी. बार उडाला की सगळी बंदूक झटक्याने मागे येते, पण बोल्टचं जड अंग जागचं हलायला तयार नसतं. बोल्टचं फिरतं डोकं बंदुकीबरोबर मागे येतं, आणि डोकं व अंग यांच्यामधली आखूड, राठ स्प्रिंग दाबली जाते. तोवर छर्रे निघून गेलेले असतात. मग स्प्रिंग उसळते, अंगाला मागे फेकते, अंग डोक्याला फिरवून कुलूप सोडवतं, आणि पुढचं चक्र नेहमीचं. नळीला छिद्र नाही, पिस्टन नाही, काजळी आत यायला वाट नाही. म्हणून चिखलपाण्यात हिंडणाऱ्या शिकाऱ्यांना ती लाडकी.

खोड कुठे आहे, तेही तत्त्वातच आहे. बंदूक मागे आलीच नाही तर यंत्रणा चालत नाही. बंदुकीला जड टॉर्च नि काय काय लटकवलं, किंवा दस्ता भिंतीला टेकवून बार काढला, तर ती अडू शकते. दुसरी खोड अशी की बोल्ट आवाज होऊ नये म्हणून हाताने हळूच पुढे सोडला, तर फिरतं डोकं पूर्ण फिरत नाही. सावज समोर आल्यावर चाप ओढला की नुसतं ‘टक्’ वाजतं. शिकाऱ्यांच्या गप्पांत या टक्‌ला बेनेलीचंच नाव जोडलेलं आहे. त्याच कारखान्याने अमेरिकन मरीन सैनिकांसाठी एम 4 केली, तेव्हा मात्र जडत्व बाजूला ठेवून गॅस निवडला. सैनिकाच्या बंदुकीला दुर्बीण, टॉर्च लटकणारच, हे त्यांना ठाऊक होतं. ती 1999 मध्ये निवडली गेली. बेनेलीच्या पेटंटची मुदत संपल्यावर तुर्कस्तानातल्या कारखान्यांनी जडत्वाच्या बंदुका धडाधड काढल्या. खुद्द ब्राउनिंग कंपनीने 2012 मध्ये ‘ए5’ नाव पुन्हा आणलं. कुबड तेच, आत मात्र मागेपुढे धावणारी नळी नाही, जडत्वाचा बोल्ट.

मॅगझिनकडे लेखक बहुधा घाईने बघतात. माझ्या मते तिथेही सूत्रं काडतुसाच्याच हातात आहेत. शॉटगनचं मॅगझिन म्हणजे नळीखालचं नळकांडं: आत लांब स्प्रिंग, तिच्या टोकाला टोपीसारखा ढकल्या, आणि काडतुसं एकामागे एक. रायफलीच्या टोकदार गोळ्या अशा रचल्या तर एकीचं टोक पुढचीच्या टोपणावर टेकेल, धक्क्याने घात व्हायचा. छर्ऱ्यांच्या काडतुसाचं तोंड घडी घालून सपाट मिटलेलं असतं. त्याला नळकांडं मानवतं. याच घडीमुळे ‘70 मिलिमीटर’चं काडतूस भरलेलं असताना साठच्या आत असतं, कारण छापलेली लांबी बार उडाल्यावर उलगडलेल्या पुंगळीची. नळकांड्यात चार बसतात म्हणून चेंबरमध्ये कोणतंही काडतूस चालेल, असा अर्थ काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

भरताना बंदूक उलटी धरायची, खालच्या दारातून काडतूस सपाट तोंड पुढे करून अंगठ्याने आत लोटायचं. कड खटक्यापलीकडे गेली की बोटाला ‘खट्’ जाणवतं. ते जाणवण्याआधीच अंगठा काढला तर काडतूस स्प्रिंगने मागे येऊन उचल्याखाली अडकतं आणि मग बसा उपसत. खटके दोन असतात. एक पहिल्या काडतुसाला अडवतो, दुसरा ते सुटत असताना त्याच्या मागच्याला. दोघांची पाळी चुकली की दोन काडतुसं एकदम बाहेर पडतात आणि सगळं जाम होतं.

इथे जिवावर बेतणारी गोष्ट एकच. चेंबर रिकामं केलं म्हणजे बंदूक रिकामी झाली असं नाही. काही बंदुकांत बोल्ट हाताने ओढला की पुढचं काडतूस आपोआप वर येतं. बेनेलीसारख्यांत घोडा पडल्याशिवाय किंवा बाजूचं बटण दाबल्याशिवाय ते नळकांड्यातच दडून राहतं. दुनळी मोडली की दोन भोकं दिसतात आणि विषय संपतो. म्हणूनच रेंजवर लोक दुनळीवाल्याकडे निवांत बघतात आणि सेमी-ऑटोवाल्याला चेंबरमध्ये रंगीत खूण लावायला सांगतात.

रायफलीसारखा काढता येणारा डबा का नाही? रशियन सैगासारख्या बंदुकांना आहे. पण काडतुसाचं अंग प्लास्टिकचं. भरलेल्या डब्यात स्प्रिंगच्या दाबाखाली ते दिवसेंदिवस राहिलं तर चेपतं. बुडाची कड बाहेर आलेली, म्हणून वरच्याची कड खालच्याच्या मागे अडकू शकते. शिवाय दहा काडतुसांचा डबा बंदुकीखाली चांगला वीतभर लोंबतो. नळकांडं एकेक करून भरावं लागतं, काडतुसं संपतील तसा तोल बदलतो, हे खरं. पण बोल्ट न उघडता कधीही आणखी दोन काडतुसं घालता येतात, आणि त्याच नळकांड्याभोवती स्प्रिंग, पिस्टन, नळीची कडी सगळं बांधता येतं. ते काढलं तर अख्खी बंदूक नव्याने आखावी लागेल.

कायद्याने बोट ठेवलं तेही याच नळकांड्यावर. स्थलांतरित पक्षी घटत चालले तेव्हा अमेरिकेने 1935 मध्ये त्यांच्या शिकारीसाठी तीनच काडतुसांची मर्यादा घातली. उपाय साधा: नळकांड्यात लाकडाची एक कांडी, जी बंदूक उघडल्याशिवाय निघणार नाही. युरोपच्या पक्षी-संरक्षण नियमांत मॅगझिनमध्ये दोन. ब्रिटनने हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर 1988 मध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसांच्या मॅगझिनची शॉटगन रायफलीच्या कडक परवान्याखाली नेली. यंत्रणा गॅसची की जडत्वाची, हे कायद्याने कुठेच विचारलं नाही. आत किती मावतात एवढंच विचारलं.

आपल्याकडे या बंदुकीचा बोलबाला कधी झाला नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारच संपवली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका आहेत, त्या ठासणीच्या, एकनळी नाहीतर दुनळी. काडतुसं मात्र पुण्याच्या खडकीतली, 1869 पासूनच्या दारूगोळा कारखान्यातली ‘शक्तिमान’. दुनळीला ती कशीही चालतात, म्हणून काडतुसाच्या ताकदीची चर्चा आपल्या बंदूकवाल्यांत नेमाच्या पलीकडे सहसा जात नाही.

बाहेर ती चर्चा आता पुन्हा तापली आहे. शिशाचे छर्रे पाणथळींत विष कालवतात म्हणून अमेरिकेने 1991 मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत त्यांना पूर्ण बंदी केली. युरोपीय संघाने फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागांत तेच केलं. पर्याय पोलादाचा. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढाच मारा साधायला जास्त वेग आणि लांब पुंगळी लागते. साडेतीन इंची काडतुसं 1988 मध्ये आली ती त्यासाठीच, आणि गॅसवाल्यांना व जडत्ववाल्यांना पुन्हा पाटी पुसून बसावं लागलं. पोलाद दबतही नाही. अरुंद तोंडाच्या जुन्या नळीला ते आतून फुगवू शकतं. बेल्जियममध्ये घडलेल्या ऑटो-5 च्या नळ्यांतून पोलादी छर्रे उडवू नका, असं ब्राउनिंग कंपनीच सांगते. आजोबांची बंदूक चालती ठेवायची ज्यांना हौस आहे ते महागडी बिस्मथची काडतुसं घेतात, नाहीतर जपानी बनावटीची, चोक, म्हणजे तोंडाचा अरुंद भाग, बदलता येणारी नळी शोधून बसवतात. ती बसवताना मॅगझिनची टोपी निघालेली असतेच. पोलादी कडी कुठे आहे, ते तेव्हाच पाहून घ्यावं.